१९७२चे दोन कायदे : जयपूरचे शिकारीचे जंगल आणि आर्क्टिकचा बर्फ



जयपूरहून सुटलेली गाडी दोन-अडीच तासांत सवाई माधोपूरला पोहोचते. तुमच्यापैकी कोणी तेथे गेले असेल, तर बहुधा रणथंभोरचा वाघ पाहायलाच. आज राष्ट्रीय उद्यान असलेले हे जंगल संस्थानी काळात जयपूरच्या महाराजांचे राखीव शिकारक्षेत्र होते. या पाठाचा विषय आहे आर्क्टिक महासागरातील सस्तन प्राणी, तेथला वितळणारा बर्फ आणि त्या प्राण्यांवर जगणारे मूळनिवासी. मग सुरुवात रणथंभोरपासून का? कारण दोन तारखा. भारताचा वन्यजीव संरक्षण कायदा ९ सप्टेंबर १९७२चा आहे. अमेरिकेचा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा २१ ऑक्टोबर १९७२चा. मध्ये बरोबर सहा आठवडे. दोन्ही कायद्यांपुढे प्रश्न एकच होता: प्राणी कमी झाले आहेत, ते वाचवायचे आहेत, मग ज्यांचे पोट शिकारीवर आहे त्यांचे काय? दोन देशांनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली.

आधी जयपूरकडे पाहू. संस्थानात शिकारखाना नावाचे खातेच होते. वाघ, सांबर, रानडुक्कर कोणी मारायचे हे दरबार ठरवी. गावकऱ्यांचा वाटा म्हणजे रान उठवणे, हाकारे घालणे, तेही बहुधा वेठीने. पिकात शिरलेले डुक्कर मारण्याचीही त्यांना मुभा नसे. शेजारच्या अलवर संस्थानात १९२१मध्ये शेतकऱ्यांनी जे आंदोलन केले, त्याचे कारण हेच होते. राखीव रानांत पोसलेली डुकरे उभे पीक फस्त करत आणि मालकाने नुसते पाहत बसायचे. अजमेर जिल्ह्यातील सावर या जुन्या ठिकाण्यातील लोकांच्या आठवणीही पुढे अभ्यासकांनी नोंदवल्या. त्यांतही जंगलाइतकीच ही डुकरे येतात. दरबारी कागदपत्रांत मात्र हे दुःख फारसे दिसत नाही. तेथे दिसतात ती मारलेल्या वाघांची मापे.

स्वातंत्र्यानंतर हे लगेच थांबले असे समजू नका. जानेवारी १९६१मध्ये इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ जयपूरला आल्या, तेव्हा महाराजा सवाई मानसिंह यांच्या पाहुणचारात सवाई माधोपूरच्या जंगलात प्रिन्स फिलिप यांनी वाघ मारला. हे जंगल तेव्हा कागदोपत्री अभयारण्य होते, १९५५पासून! त्या काळात परदेशी पाहुण्यांना पैसे घेऊन शिकार घडवणाऱ्या कंपन्याही देशात होत्या. वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली ती १९७०मध्ये.

याच परिसरात मोगिया नावाचा समाज राहतो. परंपरेने शिकारी. रानडुकरे आणि नीलगायी यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी शेतकरीच त्यांना राखणीला ठेवत. मराठी वाचकाला फासेपारध्यांची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा अनेक समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९५२मध्ये तो शिक्का कायद्याने पुसला गेला, पण पोलिसांच्या आणि गावाच्या नजरेतून गेला नाही. मग १९७२चा कायदा आला आणि जी कला हाच त्यांचा व्यवसाय होता, ती पुन्हा गुन्हा झाली. येथे एक बारकावा लक्षात घ्या. १९७२च्या मूळ कायद्यात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची सोय होती. ती काढली गेली १९९१च्या दुरुस्तीने. म्हणजे जवळजवळ दोन दशके परवाना मिळवू शकणाऱ्या माणसाला वाट होती. कागद नसलेल्याला ती नव्हती.

आता उत्तरेकडे वळू. भारतीय विद्यार्थ्याला आर्क्टिक माहीत असते ते ‘हिमाद्री’ या संशोधन केंद्रामुळे. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ते चालवते. २००८मध्ये स्वालबार्ड बेटांवर ते सुरू झाले. स्वालबार्डवर मूळनिवासी वस्ती कधीच नव्हती. म्हणूनच की काय, आर्क्टिक म्हणजे बर्फ, अस्वल आणि शास्त्रज्ञ एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर मात्र इनुपिअट लोक अनेक पिढ्यांपासून राहतात. तेथे शेती होत नाही. सील, वॉलरस आणि बोहेड जातीचा देवमासा हेच त्यांचे अन्न, चरबी आणि कातडे.

बोहेड संपत आला तो त्यांच्यामुळे नव्हे. १८४८मध्ये पहिले अमेरिकी व्यापारी जहाज बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून गेले आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत दिव्याचे तेल आणि कॉर्सेटच्या काड्या यांसाठी हे देवमासे हजारोंनी मारले गेले. जहाजे निघून गेली. किनाऱ्यावरचे लोक उरलेल्या देवमाशांसह राहिले. १९७२च्या कायद्याने हा फरक ओळखला. सागरी सस्तन प्राणी मारण्यास सर्वांना मनाई करताना त्याने अलास्काच्या किनाऱ्यावरील मूळनिवाशांना सूट दिली, मात्र ती निर्वाहापुरती आणि हस्तकलेपुरती, नासाडी न करता. पुढच्याच वर्षी पाच देशांनी ध्रुवीय अस्वलाबाबत जो करार केला, त्यातही स्थानिक लोकांच्या पारंपरिक शिकारीला जागा ठेवली. त्याच वर्षी आपल्याकडे व्याघ्र प्रकल्प सुरू झाला होता.

पण कलमात सूट लिहिली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. १९७७मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने बोहेडच्या शिकारीची मुभाच काढून घेतली. शास्त्रज्ञांच्या अंदाजाने देवमासे दोन हजारांहून कमी उरले होते आणि जखमी होऊन निसटणाऱ्यांची संख्या वाढली होती. दुसरा आक्षेप खोटा नव्हता. पहिल्या आकड्याला मात्र शिकाऱ्यांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे साधे होते: तुम्ही बर्फातल्या उघड्या फटींत वर येणारे देवमासे मोजता, पुष्कळ देवमासे बर्फाखालून जातात, पातळ बर्फ डोक्याने फोडून श्वास घेतात, ते तुम्हाला दिसतच नाहीत. त्यांनी त्याच वर्षी स्वतःचा शिकारी आयोग स्थापन केला, वाटाघाटी करून मर्यादित कोटा मिळवला आणि बॅरो गावात, म्हणजे आजच्या उत्किआग्विकमध्ये, शास्त्रज्ञांबरोबर मोजणीला हात घातला. पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडले. देवमाशांचे आवाज बर्फाखालून येत होते. पुढच्या मोजण्यांत संख्या वाढत गेली: २००१मध्ये सुमारे दहा हजार, २०११मध्ये सुमारे सतरा हजार. काही वाढ खरी होती, काही केवळ नीट मोजल्यामुळे दिसलेली. माझ्या मते इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी या पाठातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग हाच आहे. अनुभवातून आलेले ज्ञान येथे पुराव्याच्या कसोटीला उतरले, कारण ते सांगणाऱ्यांना खोलीत बसायला जागा मिळाली होती. रणथंभोरचे व्यवस्थापन ठरवताना मोगियांना अशी जागा कोणी दिली नाही. वाघाचा माग त्यांच्याइतका कोण ओळखत होता?

या तुलनेला मर्यादा आहेत, त्या झाकून ठेवू नयेत. वाघ हे कोणाचे रोजचे अन्न नव्हते. वाघाच्या कातड्याला आणि हाडांना परदेशी बाजार मिळाल्यावर गरीब शिकारी त्या साखळीचे पहिले टोक बनले. अलवरजवळच्या सारिस्का प्रकल्पात २००४-०५मध्ये एकही वाघ उरला नाही, हे शिकारीमुळेच. शिवाय भारतातील जंगलांभोवती जितकी माणसे राहतात, त्यांच्या मानाने अलास्काचा किनारा ओसाडच म्हणावा लागेल. तरीही ससा-तितर मारून खाणारा माणूस आणि कातड्याचा व्यापारी यांना एकाच पारड्यात घालण्याचे काम आपल्या कायद्याने केले, आणि ते सोयीचे होते म्हणून केले, असे मला वाटते.

आता बर्फाकडे. उपग्रहांच्या सलग नोंदी १९७९पासून आहेत. त्या वर्षी सप्टेंबरात, म्हणजे बर्फ सर्वांत कमी असतो तेव्हा, आर्क्टिकवर सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ होता. सप्टेंबर २०१२मध्ये तो सुमारे ३४ लाख उरला. याचा परिणाम सगळ्या प्राण्यांवर सारखा होत नाही. वॉलरसच्या माद्या पिल्लांसह तरंगत्या बर्फावर विसावतात आणि उथळ तळाशी जाऊन शिंपले खातात. बर्फ खोल पाण्यावर मागे सरकला की त्यांना किनारा गाठावा लागतो. २०१४मध्ये अलास्कातील पॉइंट ले गावाजवळ सुमारे ३५ हजार वॉलरस एकाच जागी जमले होते. अशा गर्दीत विमानाच्या आवाजानेही चेंगराचेंगरी होते आणि पिल्ले चिरडतात. वलयांकित (रिंग्ड) सील बर्फावर साचलेल्या हिमात बीळ करून पिल्लू वाढवते. हिम लवकर वितळले की पिल्लू उघड्यावर येते. ध्रुवीय अस्वल सील धरते तेही बर्फावरूनच. बोहेडचे मात्र आतापर्यंत बरे चालले आहे.

पण शिकारी? वसंतात ते किनाऱ्याला चिकटलेल्या बर्फावर तळ ठोकतात, सीलच्या कातड्याची होडी घेऊन फटीच्या काठी वाट पाहतात, आणि मारलेला देवमासा सगळा गाव मिळून दोरांनी बर्फावर ओढतो. इतके वजन पेलायला बर्फ जाड लागतो. तो आता उशिरा धरतो, लवकर तुटतो. तळासकट माणसे समुद्रात वाहून जाण्याचा धोका वाढला आहे. जमिनीतल्या गोठलेल्या थरात खणलेली मांसाची तळघरे पाझरू लागली आहेत. कायद्यातला हक्क शाबूत आहे, देवमासेही आहेत. ज्यावर उभे राहून तो हक्क बजावायचा तो बर्फच नाही. आणि तो वितळवणारा धूर बहुतांशी त्यांच्या चुलीतला नव्हे. १८४८च्या जहाजांसारखाच तोही बाहेरून आला.

रणथंभोरला नेमके उलटे घडले. जंगल टिकले, वाघ वाढले, १९७६ ते १९७९च्या दरम्यान आतली गावे बाहेर नेली गेली, आणि शिकारीचा हक्क कागदावरही उरला नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने वनवासींचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क शब्दशः वगळला.

पुढच्या तासापूर्वी एवढे करा: १९७२च्या आपल्या कायद्याचे कलम ६५ काढून वाचा. निकोबार बेटांवरील अनुसूचित जमातींच्या शिकारीच्या हक्कांना या कायद्याने बाधा येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे सूट कशी लिहायची हे आपल्या कायदेकर्त्यांना ठाऊक होते. ती निकोबारला मिळाली आणि सवाई माधोपूरला का नाही, यावर दोन पाने लिहून आणा.