इंग्रज कोणास म्हणावे?

ऐतिहासिक कादंबरीचा उगम शिकवताना 'इंग्रज कादंबरीकार वॉल्टर स्कॉट' असा उल्लेख माझ्याकडून अनेक वर्षे सहज होत असे. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, स्कॉट तर स्कॉटलंडचा. मग तो इंग्रज कसा?" "एकच ते," असे म्हणून मी पुढे गेलो. ते उत्तर चुकीचे होते. शिवाय त्या चुकीमुळे स्कॉटची कादंबरीच नीट हाती लागत नाही, हे माझ्या बरेच उशिरा ध्यानात आले.

प्रथम नावांचा गुंता सोडवू. 'ब्रिटन' हे मूळ बेटाचे नाव. रोमनांनी त्याच्या दक्षिण भागात 'ब्रिटानिया' हा प्रांत स्थापला. तेथील मूळ ब्रिटन लोक हे आजच्या वेल्श लोकांचे पूर्वज. पुढे समुद्रापलीकडून अँगल, सॅक्सन इत्यादी जर्मानिक टोळ्या आल्या. त्यांपैकी अँगलांवरून 'इंग्लंड' हे नाव पडले. या नवागतांनी मूळ रहिवाशांना जे नाव दिले त्याचा अर्थ 'परका' असा होता, आणि त्यातूनच 'वेल्श' हा शब्द आला. म्हणजे ज्यांचा 'ब्रिटिश' या नावावर सर्वांत जुना हक्क, तेच आपल्या भूमीत परके ठरले. ते स्वतःला मात्र 'कम्री', म्हणजे 'एका देशाचे लोक', म्हणवतात.

'ग्रेट ब्रिटन'मधील 'ग्रेट'चा थोरवीशी मुळात संबंध नाही. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील ब्रिटनी हा प्रदेश धाकटा, म्हणून हे बेट थोरले. आपल्याकडे एकाच नावाच्या दोन गावांना बुद्रुक आणि खुर्द म्हणतात, तसाच हा प्रकार. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून ग्रेट ब्रिटन होते, त्यात उत्तर आयर्लंड मिळवले की युनायटेड किंगडम. 'ब्रिटिश बेटे' या भौगोलिक संज्ञेत संपूर्ण आयर्लंड येते, आणि म्हणूनच आयरिश लोकांना ती खटकते.

ही रचना एका दिवसात झालेली नाही. वेल्स 1536 व 1543 च्या कायद्यांनी इंग्लंडमध्ये विलीन झाले. इतके की ब्रिटिश ध्वजावर इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांचे क्रूस आहेत, वेल्सचे चिन्हच नाही. 1603 मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला. राजा एक झाला, राज्ये मात्र दोनच राहिली. दोन्ही पार्लमेंटांचे एकीकरण 1 मे 1707 रोजी झाले आणि ग्रेट ब्रिटन हे राज्य त्या दिवशी अस्तित्वात आले. 1801 मध्ये आयर्लंड जोडले गेले. 1922 मध्ये त्याचा मोठा भाग वेगळा झाला व सहा परगणे मागे राहिले.

आता आपल्या शब्दाकडे वळू. 'इंग्रज' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ती 31 डिसेंबर 1600 रोजी, इंग्लंडच्या राणीकडून. 1674 मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकास रायगडावर आलेला हेन्री ऑक्झिंडेन हा अचूक अर्थाने इंग्रज कंपनीचा वकील होता. त्या वेळी मराठी शब्द आणि वस्तुस्थिती यांत अंतर नव्हते. 1707 नंतर वस्तुस्थिती बदलली, शब्द तोच राहिला.

त्याचा परिणाम 1818 च्या आसपास ठळकपणे दिसतो. पेशवाई बुडाली तेव्हाचा पुण्याचा रेसिडेंट व पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश. त्याच्यानंतरचा गव्हर्नर जॉन माल्कम स्कॉटिश. साताऱ्यास कारभार पाहिलेला आणि 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा जेम्स ग्रँट डफ स्कॉटिश. मुंबईत शिक्षणकार्य करणारे डॉ. जॉन विल्सनही स्कॉटिश. आपण या सर्वांना 'इंग्रज' या एका शब्दात बसवले. 1707 नंतर कंपनीच्या नोकरीची दारे स्कॉट लोकांना खुली झाली आणि लोकसंख्येच्या मानाने ते मोठ्या प्रमाणात तिकडे वळले. लिंडा कॉली यांनी 1992 च्या 'ब्रिटन्स' या ग्रंथात दाखवले आहे की प्रॉटेस्टंट धर्म, फ्रान्सशी झालेली युद्धे आणि साम्राज्य यांतून 'ब्रिटिश' ही ओळख घडत गेली. त्या घडणीत हिंदुस्थानचाही वाटा होता.

हा दोष केवळ आपला नाही. इंग्लंडमधील लोकही संपूर्ण राज्याला 'इंग्लंड' म्हणत आले. वॉल्टर बॅजटने 1867 मध्ये ब्रिटिश राज्यघटनेवर ग्रंथ लिहिला आणि त्याचे नाव ठेवले 'द इंग्लिश कॉन्स्टिट्यूशन'. मोठ्या भावाने घराला आपलेच नाव द्यावे, तसे हे झाले. दक्षिणेकडील सर्वांना सरसकट 'मद्रासी' म्हणणाऱ्यांवर आपण हसतो. त्या हसण्याआधी आपलाही एक शब्द तपासावा.

साहित्याच्या अभ्यासकाला याचे काय, असा प्रश्न उरतो. स्कॉटची 'वेव्हर्ली' 1814 मध्ये आली. तिचा विषय 1745 चे जेकोबाइट बंड, म्हणजे एका जुन्या स्कॉटिश जगाचा अस्त. पार्लमेंट गमावलेल्या देशाचा लेखक, त्या विलीनीकरणाचा स्वीकार करूनही, जे हरपले त्याकडे वळून पाहतो. स्कॉटच्या ऐतिहासिक कादंबरीचे मूळ या द्वंद्वात आहे. त्याला 'इंग्रज' म्हटले की हे द्वंद्वच दिसेनासे होते. मग स्वराज्य गमावलेल्या मराठी लेखकांना हा साहित्यप्रकार जवळचा का वाटला असेल, हा प्रश्नही आपण विचारत नाही. ग्रँट डफबद्दलही असेच. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्याच्या इतिहासावर टीका केली ती योग्यच. पण डफ स्वतः पार्लमेंट गमावलेल्या देशातून आला होता. त्याचा त्याच्या दृष्टीवर काही परिणाम झाला का, हे तपासण्यासाठी आधी तो स्कॉटिश होता हे लक्षात असावे लागते.

'ती फुलराणी' ज्यावरून आली त्या 'पिग्मॅलियन'चा कर्ता शॉ हा डब्लिनचा. उच्चारावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या इंग्लंडकडे तो बाहेरच्या कानाने पाहत होता, हे जाणले की नाटकातील उपरोध अधिक धारदार होतो. शेमस हीनी यांचा समावेश 1982 मध्ये समकालीन 'ब्रिटिश' कवितेच्या एका संग्रहात झाला, तेव्हा त्यांनी पुढल्याच वर्षी कवितेतून त्याला जाहीर हरकत घेतली. जन्म उत्तर आयर्लंडचा असला तरी आपण ब्रिटिश नव्हे, हा त्यांचा आग्रह होता. 1998 च्या करारानंतर तेथील नागरिकांना स्वतःला आयरिश, ब्रिटिश अथवा दोन्ही म्हणवण्याचा हक्क मान्य झाला. स्कॉटलंडने 2014 च्या सार्वमतात राज्यातच राहण्याचा कौल दिला, तरी 44.7 टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. हा वाद ग्रंथांपुरता नाही.

रूढ झालेला 'इंग्रज' हा शब्द बोलण्यातून काढून टाकावा, असे माझे म्हणणे नाही. तो निघणारही नाही. मात्र लेखनात 1707 नंतरच्या राज्यसत्तेला 'ब्रिटिश' म्हणावे, आणि 'इंग्रजी भाषेतील साहित्य' व 'इंग्लंडचे साहित्य' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. त्यासाठी आपण रोज वापरतो तो 'आंग्ल' हा भारदस्त शब्दही पुन्हा पाहायला हवा. त्याचा अर्थ अँगलांशी बांधलेला आहे, आणि स्कॉट, वेल्श, आयरिश यांपैकी कोणीही त्यात मावत नाही. त्या विद्यार्थिनीला मी आता एवढेच सांगेन की तिचा प्रश्न बरोबर होता.