नावाची इराणी, जट मात्र इथली

सातारा-सांगलीकडे आता ‘पर्शियन’ मांजर पाळणारी घरं बरीच झालीत. पण हे मांजर खरंच पर्शियाचं का?

पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी. १६२० च्या सुमारास त्याने इस्फहानला खोरासानची लांब केसांची, झुपकेदार शेपटीची मांजरं पाहिली. गडी इतका भुलला, की जोड्या रोमला न्यायचं म्हणू लागला. हाच पुढे १६२३ मध्ये गोव्यात आला, बरं का!

आजचा चपटा चेहरा मात्र तिकडचा नाही. १८७१ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं प्रदर्शन भरलं, आणि पुढे प्रदर्शनांसाठी निवडून निवडून पैदास झाली. २००८ च्या जनुकीय अभ्यासात ही जात युरोपी मांजरांजवळची निघाली. नाव तेवढं इराणी.

स्वभावाने गरीब, तिथंच आपण फसतो. ते ओरडत नाही, आणि बगलेत, कानामागे, पोटाखाली जट धरते. साताऱ्याला जट नवी नाही, डॉ. दाभोलकरांच्या अंनिसने बायकांच्या डोक्यावरच्या जटा काढल्या. मांजराची जट कातडी ओढते, खाली जखमा होतात. रोज कंगवा फिरवा. कात्री लावू नका, कातडी कापते. जनावरांच्या डॉक्टरकडून मशीनने काढून घ्या. आणि सांगलीच्या मे महिन्यात ते तोंड उघडं टाकून धापा टाकू लागलं, तर वाट न बघता दवाखाना गाठा.