घरांतील मुके सोबती आणि छायाचित्रणकला

गिरगांवांतील घराण्यांचे जुने फोटो पाहिले, तर आजोबा खुर्चीवर ताठ बसलेले, आजी शेजारीं आणि मुलें पुढें उभीं असतात; परंतु त्याच घरांत चुलीपाशीं निजणारें मांजर त्या चित्रांत क्वचितच आढळतें. यावरून मागील पिढ्यांस जनावरांची माया नव्हती असें कोणी म्हणेल, तर तें खरें नव्हे. परळास बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ उभें राहिलें, व त्याला जोडूनच १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. माया पुष्कळ होती; उजेड मात्र पुरेसा नव्हता.

मुंबईंत ही कला लवकर आली. १८५४ सालीं येथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. लवकरच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें हा विषय शिकवूं लागले, आणि तेथें शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढें नामांकित छायाचित्रकार झाले.

मात्र त्या वेळची रीत मोठी किचकट होती. कांचेवर कलोडियन नांवाचें चिकट द्रव्य पसरून ती रौप्यक्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची, आणि वाळण्यापूर्वीं धुवावयाची. ही कांच प्रकाशास फार सावकाश दाद देई. छपरास कांचा बसविलेल्या चित्रशाळेंतही माणसास कित्येक सेकंद निश्चल बसावें लागे. मान ढळूं नये म्हणून मागें लोखंडी आधार देत. माणसास ‘हलूं नका’ असें बजावतां येतें. मांजरास कोण बजावणार? तें हललें कीं चित्रांत नुसता धूसर डाग उरे.

१८७१ सालीं इंग्लंडांत डॉ. मॅडॉक्स यांनीं जिलेटिनच्या कोरड्या कांचेची युक्ति प्रसिद्ध केली, आणि तींत सुधारणा होऊन वेळ सेकंदाच्या अंशावर आला. १८७८ सालीं मायब्रिज यांनीं धांवत्या घोड्याचीं चित्रें घेतलीं, तीं मात्र ओल्या कांचांवरच. बळ होतें तें कॅलिफोर्नियाच्या प्रखर उन्हाचें. आपल्या सावेदादा भाटवडेकरांनीं १८९९ सालीं कुस्तीचें चलच्चित्र घेतलें, तेंही हँगिंग गार्डनच्या मोकळ्या उजेडांत. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं वाटाण्याचें रोप वाढतांना टिपलें. पण रोप जागचें हलत नाहीं, मांजर हलतें!

काळोखावर उपाय म्हणून १८८७ सालीं जर्मनींत मॅग्नेशियमची भुकटी निघाली. तिचा भडका व धूर पाहून जनावर पळालें तर नवल काय? १९२९ च्या सुमारास आलेल्या बल्बनें धूर गेला, पण डोळ्यांवर येणारी झळाळी राहिली.

आज प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे, तरी नियम तोच. चाळीच्या खोलींत उजेड येतो तो गॅलरीच्या दारांतून व मागच्या खिडकींतून. चार पावलें आंत गेलें कीं तो झपाट्यानें ओसरतो. म्हणून मांजराची गोधडी दारापाशीं आणावी. उजेड त्याच्या तोंडावर बाजूनें पडूं द्यावा. आपण जमिनीवर बसावें, हात स्टुलावर टेकावा, आणि तें अंग चाटतां चाटतां थबकेल त्या क्षणाची वाट पाहावी. फ्लॅश टाळावा, मांजराच्या व कुत्र्याच्या डोळ्यांत मागें प्रकाश परतविणारा एक थर असतो, त्यामुळें चित्रांत डोळे निखाऱ्यासारखे दिसतात.

लालबाग-परळच्या अनेक चाळी पाडून तेथें उंच इमारती उठल्या आहेत. कुत्र्याचें आयुष्य तर बहुधा दहा-पंधरा वर्षांचें. तेव्हां घरांतील मुलांकडून असें एक चित्र काढवून घ्यावें, आणि त्याच्या पाठीमागें त्या प्राण्याचें नांव, खोलीचा क्रमांक व साल लिहवून ठेवावें. जुन्या फोटोंत जीं थोडीं मुकीं जनावरें दिसतात, त्यांचीं नांवें आज सांगणारें कोणी उरलें नाहीं.