खाँसाहेबांची तीन मिनिटे

मुळशी तालुक्यातील कासार आंबोलीत एका रात्री आम्ही मोबाईलवर उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी ऐकली. एक पैसाही पडला नाही. आपल्या कायद्याने ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. खाँसाहेब १९३७ साली पैगंबरवासी झाले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्या आज सर्वांच्या मालकीच्या आहेत.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तीच ठुमरी मुलांना ऐकवली. एकाने विचारले, "सर, हे आपले की त्यांचे?"

प्रश्न भोळा होता, पण मनाला लागला.

खाँसाहेब १८७२ साली उत्तर प्रदेशातील कैरान्यात जन्मले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. पुढे ते मिरजेत स्थायिक झाले आणि तेथेच ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन झाले. हिराबाई बडोदेकर ही त्यांची लेक. सवाई गंधर्व हे त्यांचे शागीर्द, आणि सवाई गंधर्वांचे शागीर्द भीमसेन जोशी. पुण्यातील ज्या महोत्सवाला हजारो रसिक जातात, त्याची मुळे या तालमीत आहेत.

तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. तेवढा आवाज आता फुकट मिळतो. त्यामागची नाती मात्र आपल्यालाच सांगावी लागतात. आम्ही फळ्यावर कैराना, पुणे, मिरज अशी नावे लिहिली, रेघेने जोडली आणि ठुमरी पुन्हा लावली.