हाडे खाणारे गिधाड: ड्रॅकेन्सबर्गच्या कड्यांवर उरल्या जेमतेम शंभर जोड्या

एक मोठा पक्षी पायांत हाड धरून उंच जातो आणि खालच्या खडकावर ते सोडून देतो. हाड फुटते. पक्षी खाली उतरून तुकडे गिळतो. फुटले नाही, तर पुन्हा वर नेतो, पुन्हा टाकतो. हा आहे 'बिअर्डेड व्हल्चर' म्हणजेच दाढीवाले गिधाड. भारतात ते लडाख, हिमाचल, उत्तराखंडच्या उंच पहाडांत दिसते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला मात्र त्याच्या जेमतेम शंभर जोड्या उरल्या आहेत.

हे गिधाड राहते कुठे?

दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेला लेसोथो नावाचा छोटा देश आहे. या दोन देशांच्या सीमेवर मालोटी-ड्रॅकेन्सबर्ग ही पर्वतरांग पसरली आहे. तिचे सर्वोच्च शिखर थबाना न्त्लेन्याना ३,४८२ मीटर उंच आहे. इथले झुलू लोक या डोंगरांना 'उखाहलांबा' म्हणतात. त्याचा अर्थ 'भाल्यांची भिंत' असा सांगितला जातो.

एकेकाळी हे गिधाड दक्षिण आफ्रिकेच्या बऱ्याच मोठ्या भागात होते. आता ते फक्त या डोंगरांपुरते उरले आहे. १९६० च्या दशकापासून इथल्या जोड्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत घटल्या. जगभराचा विचार केला, तर ही जात 'संकटाच्या उंबरठ्यावर' मानली जाते. दक्षिण आफ्रिका, लेसोथो आणि एस्वातिनीच्या लाल यादीत मात्र तिची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे. यांचे सर्वांत जवळचे भाऊबंद हजारो किलोमीटर दूर पूर्व आफ्रिकेत आहेत. त्यामुळे बाहेरून पक्षी येऊन इथली संख्या वाढण्याची शक्यता जवळपास नाही.

इतर गिधाडांपेक्षा वेगळे काय?

बहुतेक गिधाडांचे डोके-मान बोडकी असते. याच्या डोक्यावर पिसे असतात आणि चोचीखाली राठ केसांची दाढी. पंखांचा विस्तार अडीच मीटरच्या पुढे जातो. पोटाकडचा तांबूस रंग जन्मजात नसतो. लोहयुक्त चिखलात लोळून हा पक्षी मूळची पांढरी पिसे रंगवून घेतो.

आहारात हाडांचा वाटा सर्वांत मोठा. पोटातले आम्ल इतके तीव्र असते की गिळलेले हाड त्यात विरघळून जाते. इतर प्राणी खाऊन गेल्यावर उरलेले हे गिधाड संपवते. तरीही 'कोकरे पळवणारा पक्षी' असा शिक्का त्याच्यावर बसला. त्याचे जर्मन नाव 'लॅमरगायर' म्हणजे 'कोकरू-गिधाड'. याच गैरसमजापायी युरोपातील आल्प्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ते मारून संपवले गेले.

संख्या का घटली?

सर्वांत मोठे कारण विष. मेंढ्यांवर हल्ला करणाऱ्या कोल्ह्या-कुत्र्यांना मारण्यासाठी मेलेल्या जनावरात विष घातले जाते. गिधाड तेच जनावर खाते आणि मरते. म्हणजे मारायचे असते कोल्ह्याला, जीव जातो गिधाडाचा. भारतात गिधाडे मेली ती गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे. इथे विष जाणूनबुजून ठेवलेले असते, फक्त दुसऱ्यासाठी.

पारंपरिक औषधांसाठीही गिधाडे मारली जातात. त्यांचे अवयव भविष्य दाखवतात, असा काहींचा समज आहे. याशिवाय विजेच्या तारांना धडकून पक्षी मरतात. शिकाऱ्यांच्या गोळ्यांतले शिसेही मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात जाते.

पक्षी वाढायला वेळ लागतो, हीही अडचण आहे. हे गिधाड अंडी घालण्याजोगे व्हायला पाच ते सात वर्षे लागतात. त्यानंतर वर्षाला फार तर एक पिल्लू. त्यामुळे एक प्रौढ पक्षी मेला, तर ती जागा भरून यायला अनेक वर्षे जातात.

दुसऱ्या अंड्याचे गणित

मादी सहसा दोन अंडी घालते. पहिले पिल्लू काही दिवस आधी बाहेर येते आणि दुसऱ्याला जगू देत नाही. दुसरे अंडे म्हणजे निसर्गाची राखीव तरतूद: पहिले वाया गेले, तरच कामाची.

संवर्धकांनी नेमके हेच अंडे निवडले. २०१५ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत या कामाला सुरुवात झाली. ऐन हिवाळ्यात दोरांच्या साहाय्याने कड्यावर उतरायचे, घरट्यातले दुसरे अंडे उचलायचे आणि ऊब टिकवणाऱ्या पेटीतून प्रजनन केंद्रात न्यायचे. पहिले अंडे जागेवरच राहते, त्यामुळे रानातल्या जोडीचे नुकसान होत नाही. केंद्रात वाढलेल्या पक्ष्यांच्या जोड्या जमवायच्या आणि त्यांची पिल्ले पुढे रानात सोडायची, अशी ही योजना आहे.

हे जमू शकते, याचा दाखला आल्प्समध्ये आहे. तिथे १९८६ मध्ये बंदिवासात जन्मलेली पहिली पिल्ले सोडली गेली. १९९७ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी, रानात पहिले पिल्लू यशस्वीपणे वाढले.

पवनचक्क्यांचा पेच

लेसोथोला स्वतःची वीज हवी आहे. तिथला मुएला जलविद्युत प्रकल्प ७२ मेगावॉटचा आहे. तो पुरत नाही, म्हणून शेजाऱ्यांकडून वीज विकत घ्यावी लागते. पवनऊर्जा हा त्यावरचा स्वच्छ उपाय. पण ज्या धारांवर वारा चांगला, त्याच धारांवरून गिधाडे उडतात. अन्न शोधताना त्यांची नजर खाली जमिनीकडे असते, समोरच्या पात्यांकडे नाही.

पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवलेल्या पक्ष्यांमुळे ते कुठून आणि किती उंचीवरून जातात, हे समजते. वयात न आलेली गिधाडे हजारो चौरस किलोमीटर भटकतात, तर प्रौढ जोड्या घरट्याच्या आसपास राहतात. या नकाशांवरून कोणत्या धारा टाळायच्या, हे पवनचक्क्या उभारण्याआधीच ठरवता येते. उभारणी झाल्यावर मात्र हा मार्ग फारसा उरत नाही.

एवढ्याने भागेल का?

एकट्या प्रजनन केंद्राने नाही. सोडलेले पिल्लू त्याच विषारी जनावरावर उतरणार असेल, तर कड्यावरून अंडे आणण्याची मेहनत फुकट जाते. म्हणूनच आल्प्समध्ये पक्षी सोडण्याइतकेच लोकांच्या मनातला गैरसमज दूर करण्याला महत्त्व दिले गेले. ड्रॅकेन्सबर्गमध्येही या पक्ष्याचे भवितव्य मेंढपाळाच्या हातात आहे. कोल्ह्यांपासून मेंढ्या वाचवण्याचा विषाशिवायचा मार्ग त्याला मिळाला, तर दुसऱ्या अंड्यातून आलेल्या पक्ष्यालाही या डोंगरांत जागा मिळेल.