पेवातला दिवा

एखादी गोष्ट एकाएकी उदंड झाली की आपण शहरातली माणसेही सहज म्हणतो, ‘पेव फुटले’. शिकवणीवर्गांचे पेव फुटते. आपल्या वांद्र्यात इमारतींचे फुटते. परंतु ज्या जमिनीखालच्या कोठारावरून हा शब्द आला, ते पेव पाहिलेले श्रोते येथे थोडेच असतील. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारे खुली केली, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. पन्हाळ्याच्या अंबरखान्यातील गंगा, यमुना आणि सरस्वती या कोठ्या आजही उभ्या आहेत. धान्य कोणी साठविले आणि कोणी वाटले, हे इतिहास सांगतो. ते आत उतरून कोणी उपसले, हे मात्र सांगत नाही. मला त्या उपसणाऱ्याविषयी बोलावयाचे आहे.

पेव म्हणजे कोरड्या, घट्ट जमिनीत खणलेला, अरुंद तोंडाचा आणि मोठ्या पोटाचा खड्डा. माल भरला की तोंड मातीने लिंपून बंद करावयाचे. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद अशाच पेवांत साठवीत. 2005 च्या महापुराने त्यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली. पेवातला माल टिकतो कसा, हे समजले म्हणजे माणूस तेथे मरतो कसा, तेही समजते. दाणा निर्जीव नसतो, तो श्वास घेतो. बंद पेवात तो आणि त्यातली कीड मिळून प्राणवायू संपवितात आणि कर्बद्विप्राणिद वायू सोडतात. किडीला जगता येत नाही, म्हणून धान्य राहते. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्यामुळे तोंड उघडले तरी तळाशी बसून राहतो. जी हवा धान्य राखते, तीच मजुराचा जीव घेते.

आपल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या पूर्वजांना रसायनशास्त्र येत नव्हते. पण पेव उघडून काही काळ वारा लागू द्यावा, मग दोरीने कंदील आत सोडावा आणि तो तेवत राहिला तरच माणूस उतरावा, ही रीत त्यांनी बसविली होती. हवेत प्राणवायू शेकडा एकवीस असतो; तो सोळा-सतराच्या आसपास आला की ज्योत मालवते, पण माणूस अजून शुद्धीवर असतो. त्याहून फारच घटला, तर दोन-चार श्वासांतच शुद्ध जाते. मग वर उभा असलेला भाऊ किंवा मुलगा त्याला काढावयास धावत उतरतो आणि तोही तेथेच पडतो. एका पेवात दोन-तीन मृत्यू होतात ते असे, मायेपोटी.

विसाव्या शतकात दोन गोष्टी बदलल्या. धान्याला औषधाच्या गोळ्या आल्या. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू इतक्या अल्प प्रमाणात घातक असतो की कंदील तेवत असतानाही माणूस मरेल. दुसरे म्हणजे उंच पोलादी कोठ्या आल्या. खालचे दार उघडले की आतले धान्य वाहू लागते आणि वर उभा असलेला माणूस पाहता पाहता गाडला जातो. कमरेपर्यंत रुतलेल्याला नुसत्या हातांनी ओढून काढणे अशक्यप्राय असते. जुना दिवा आता पुरत नाही.

मग कायद्याने काय केले? आपल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 36 व्या कलमाने विषारी वायूच्या टाकीत किंवा खड्ड्यात उतरण्यास बंदी घातली. जाणकाराने स्वतः तपासून लेखी दाखला दिला असेल, अथवा मजुराला श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा देऊन त्या दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असेल, तरच मुभा होती. कलम उत्तम होते. परंतु ते कारखान्याच्या फाटकाशी थांबले. शेतावरचे पेव कारखाना नव्हते. अमेरिकेतही तेच घडले. 1977 च्या डिसेंबरात लुइझियानातील वेस्टवेगो येथे धान्याच्या धुळीचा स्फोट होऊन 36 माणसे मेली; 1987 मध्ये धान्यकोठारांसाठी नियम झाले; पण दहा किंवा त्याहून कमी मजुरांची शेते तपासनिसाच्या कक्षेबाहेरच राहिली.

आमच्या राज्याने 1969 साली माथाडी कायदा करून दाखविले की कारखान्याबाहेरच्या, मालक बदलत राहणाऱ्या हमालालाही कायद्याची सावली देता येते. अण्णासाहेब पाटलांसारख्यांच्या मागे हजारो हमाल उभे राहिले, तेव्हाच ते घडले.

येथे आम्हां संघटनेच्या माणसांचा जुना प्रश्न येतो. वारा खेळू देण्यासाठी चार तास थांबावयाचे, तर त्या चार तासांची मजुरी कोण देणार? पोत्यामागे पैसे मोजले, तर थांबणे म्हणजे उपाशी राहणे. मग घाई होते आणि मागाहून लोक म्हणतात, मजूर बेपर्वा होता! रीत ठाऊक असणे आणि ती पाळणे परवडणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

म्हणून मागणे साधे आहे. धान्य वाहत असता कोठीत कोणी उतरू नये. उतरण्यापूर्वी यंत्राने हवा तपासावी. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर जागा माणूस असावा. आतला पडला तर वरच्याने उडी न घेता दोर ओढावा आणि मदत बोलवावी. आणि थांबलेल्या वेळेची मजुरी मालकाने द्यावी. राज्याच्या कामगार आयुक्तांचे कार्यालय आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलातच आहे. पेवे दूर आहेत, पण त्यांतून निघालेला दाणा आपल्याच ताटात येतो. तो मागणारांत आपलेही नाव असावे, एवढीच विनंती.