शिशाचे सील : जुन्या पेट्रोल पंपांच्या डागडुजीतून उलगडणारा इतिहास

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता आमच्या घोडेगावातून जातो. शनिशिंगणापूरचे भाविक इथे वळतात आणि म्हशींच्या बाजारामुळे गावाचे नाव दूरच्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक आहे. अशा रस्त्यावरच्या गावात जुने लोखंड पुष्कळ फिरत असते. काही वर्षांपूर्वी एका भंगाराच्या ढिगात मला पुरुषभर उंचीचा, गंजलेला, हाताने फिरवायचा पेट्रोल पंप दिसला. तो मी किलोच्या भावाने विकत घेतला. आयुष्यभर दुसऱ्याला मापून देणारे यंत्र शेवटी स्वतः काट्यावर चढले, याची मौज तेव्हा वाटली होती. पुढे त्याची डागडुजी करताना मी जी चूक केली, तिच्यामुळे या यंत्राच्या इतिहासाकडे वळलो.

आपण पंपाला तेल उपसणारे यंत्र समजतो. पण उपसणे हे त्याचे निम्मेच काम. खरे काम मापण्याचे. पायली, शेर, अधोली यांच्या कुळातलीच ही वस्तू आहे, आणि ‘मापात पाप’ ही शंका जशी धान्याच्या मापाला चिकटली तशी हिलाही चिकटली. पंपाचे रूप शंभर-सव्वाशे वर्षांत ज्या ज्या वेळी बदलले, त्यांतल्या बऱ्याच वेळा कारण हीच शंका होती.

सुरुवात रॉकेलपासून झाली. अमेरिकेत फोर्ट वेन येथे सिल्व्हेनस बाऊझर याने १८८५ मध्ये एका किराणा दुकानदारासाठी पिंपातून रॉकेल काढणारा पंप बनवला. लाकडी दट्ट्या आणि संगमरवरी झडपा असलेली ती साधी रचना होती. मोटारी आल्यावर त्याच कल्पनेतून पेट्रोलचा पंप निघाला. बाऊझर हे नाव आपल्याकडे आजही जिवंत आहे. लष्करात आणि विमानतळांवर इंधन वाहणाऱ्या टँकरला ‘बाऊझर’च म्हणतात.

पंप येण्यापूर्वी पेट्रोल डब्यांतून विकले जाई. डबा सीलबंद असे, म्हणून मापाची चिंता कमी. पंप आला आणि तेल जमिनीखालच्या टाकीतून थेट नळीत जाऊ लागले. आत किती गेले, कसले गेले, हे गिऱ्हाइकाला दिसेना. त्यावर उतारा म्हणून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास काचेचा पंप आला. वर मोठी काचेची नळकांडी, तिच्यावर गॅलनच्या खुणा. माणूस दांडा मारून तेल वर चढवी, गिऱ्हाईक डोळ्यांनी खूण पाही, मग ते आपल्या वजनाने गाडीत उतरे. आज संग्राहक या काचेवर जीव टाकतात ते तिच्या देखणेपणासाठी. मुळात ती शोभेची नव्हती, खात्री पटवण्यासाठी होती.

काच फुटे, उपसायला वेळ लागे. पुढे मीटर आले. मीटरमध्ये छोटे दट्ट्ये असतात. ते एकदा भरून रिकामे झाले की ठरावीक तेल पुढे सरकते आणि दातेरी चाके काटा फिरवतात. मोठी काच गेली तरी विश्वासाचा प्रश्न गेला नाही. म्हणून नळीच्या तोंडाशी बोटभर काचेची खिडकी ठेवली गेली. नळी तेलाने भरलेली आहे, हवा नाही, एवढे तरी दिसावे म्हणून.

१९३० च्या दशकात किंमतही दाखवणारे पंप आले. पण दातेरी चाकांना मर्यादा होत्या. १९७९ मध्ये अमेरिकेत गॅलनचा भाव एक डॉलरच्या वर गेला, तेव्हा जुन्या पंपांवर ९९.९ सेंटांच्या पुढे दर लावताच येईना. अनेकांनी दर अर्ध्या गॅलनचा लावला आणि आलेली रक्कम दुप्पट केली. आपल्याकडे १६ जून २०१७ पासून इंधनाचे दर रोज ठरवण्याची पद्धत सुरू झाली. हे काम चाकांच्या पंपावर रोज हाताने करणे किती जिकिरीचे झाले असते, ते यंत्र उघडून पाहिल्यावरच कळते.

आता आपल्या रस्त्याकडे येऊ. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली. त्या काळी इंधन विकणाऱ्या मोठ्या कंपन्या परदेशी होत्या. बर्मा-शेल, कॅलटेक्स आणि पुढे एस्सो झालेली स्टॅनव्हॅक. पेट्रोल गॅलनने मिळे, पैसे रुपये-आण्यांत दिले जात. मग थोड्या वर्षांत सगळीच मापे बदलली. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्याने मेट्रिक पद्धत आणली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. साडेचार लिटरांहून किंचित मोठा असलेला इंग्रजी गॅलन गेला. पुढे मालकही बदलले. १९७४ मध्ये एस्सोचे हिंदुस्तान पेट्रोलियम झाले, १९७६ मध्ये बर्मा-शेल सरकारने घेतली आणि १९७७ मध्ये तिला भारत पेट्रोलियम हे नाव मिळाले. कॅलटेक्सही हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये गेली.

हा इतिहास माझ्या पंपावर जसाच्या तसा बसलेला होता. तबकडीवर लिटरचे आकडे होते. ती पत्र्याची तबकडी काढली तर खाली दुसरी निघाली, गॅलनची. रंगाचे तीन थर होते. आणि मीटरच्या स्क्रूमधून ओवलेल्या तारेला शिशाचे एक छोटे सील होते.

मी काय केले? पंप ‘नवा’ करायचा म्हणून रंग पॉलिश पेपरने घासून पत्र्यापर्यंत उतरवला. जुन्या रंगात शिसे असते, ती धूळ अंगाला घातक, हेही तेव्हा ध्यानात नव्हते. दट्ट्याचे चामडी वायसर कुजले होते, ते हापसे दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीने सहज कापून दिले, कारण हापशाची आणि या पंपाची जात एकच. आणि मीटर खोलायच्या घाईत पकडीने तार तोडून सील कचऱ्यात टाकले.

ते सील काय होते, हे नंतर समजले. मीटरच्या आत तेल कमी-जास्त करायची सोय असते. वजन-मापे खात्याचा निरीक्षक प्रमाणित मापात तेल काढून पाहतो, माप बरोबर भरले की तार ओवून शिसे दाबतो आणि त्यावर शिक्का मारतो. शिक्क्यात तपासणीचे वर्ष असते. म्हणजे माझ्या पंपाने शेवटचे खरे माप कधी दिले, याचा एकमेव लेखी पुरावा त्या गुंजभर शिशावर होता. मी तो न वाचता फेकला. आज पंपाचा दांडा फिरतो, काटा सरकतो, रंग झळाळतो; पण तो कधीचा, कुठला, हे सांगणारे काही उरलेले नाही.

ही चूक माझ्या एकट्याची नाही. हॉटेलांच्या दारात आणि जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत मांडलेले पंप पाहतो, तेव्हा बहुतेकांवर शंखाचे पिवळे-लाल चिन्ह नव्याने रंगवलेले दिसते, मग पंप मुळात कोणाचाही असो. डोळ्यांना बरे वाटते, पण तो खोटा दस्तऐवज होतो. आपण पंपाचा पत्रा वाचवतो आणि माप घालवतो.

म्हणून आता मी दुसऱ्याच्या पंपाला हात लावतो तो वेगळ्या क्रमाने. आधी टाकी-नळीत तेलाची वाफ नाही याची खात्री, पाणी भरून. मग सर्व बाजूंनी छायाचित्रे. सील असेल तर तार न तोडता शिक्का वाचून वहीत उतरवणे. रंगाचा एक हातभर भाग तरी मूळ थरांसह तसाच सोडणे. तबकडीखाली तबकडी असेल तर दोन्ही जपणे. नवे वायसर, नवी काच घातली तर कोणती नवी, हे आतल्या दारावर लिहून ठेवणे.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात जगभरचे रणगाडे नीट जपले आहेत. ज्या यंत्राने आपल्या रस्त्यांवरच्या ट्रक-एसटीला घोट घोट तेल मापून दिले, ते मात्र भंगारात जाते, कारण ते इतिहास आहे असे कोणाला वाटत नाही. वाचकांपैकी कोणाच्या गावात बंद पडलेल्या पंपाच्या मागे असे एखादे जुने धूड उभे असेल, तर घासायला घेण्याआधी तारेचा तुकडा शोधा. माझ्या पंपाच्या स्क्रूमधले तारेचे भोक मी रिकामेच ठेवले आहे. बघायला येणाऱ्यांना मी आधी ते दाखवतो, तबकडी मागाहून.